सर आत आहेत

"सर आत आहेत ना? मग टेन्शन नाही. त्यांना सांगा, आरामात बघा म्हणावं."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून हा आवाज आला तेव्हा मी त्याच माणसाच्या कन्सोलमधून चिमट्याने तांदळाचा आठवा दाणा बाहेर काढत होते. आधीचे सात समोरच्या बशीत होते. सगळ्यांना हळद लागलेली. शेजारी झेंडूच्या तीन पाकळ्या आणि कापराची थोडी पूड.

"सर बघतायत," दत्ताकाका बाहेर शांतपणे म्हणाले. "सरांच्या हातात आहे आता."

त्या क्षणी सरांच्या हातात चिमटा होता आणि दातांत केसांची क्लिप होती. सर म्हणजे मी.

ज्यांच्या घरी गेम कन्सोल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीव्हीला जोडायचा, जाड पुस्तकाएवढा एक डबा असतो. आत कॉम्प्युटरच असतो, पण तो फक्त खेळतो. खेळताना प्रचंड तापतो, म्हणून आत एक फॅन. हवा यायला-जायला जाळी. पुढे एक फट, त्यातून गेमची डिस्क आत जाते. आणि दोन हातांत धरायचा कंट्रोलर, ज्याच्या छोट्या काड्या अंगठ्याने फिरवल्या की पडद्यावरचा माणूस चालतो. एवढंच. बाकी जे सगळं नाजूक असतं ते आतच असतं, आणि ते घेणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे लोक त्याला घरातल्या माणसासारखं वागवतात. ऊन लागू नये म्हणून झाकतात, धूळ बसू नये म्हणून क्रोशाचं कव्हर घालतात, टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात ठेवून काच बंद करतात. मग तो गुदमरतो आणि आमच्याकडे येतो.

दसऱ्यानंतरचा आठवडा आमचा सीझन. कळंबोलीचे हे गृहस्थ ट्रान्सपोर्टवाले. ट्रकांची पूजा झाली, तिथेच हात फिरवून कन्सोलचीही केली. हळद-कुंकू, फूल, अक्षता. पण ट्रकला पुढे फट नसते. कन्सोलला असते, आणि ती नेमकी अक्षता टाकायच्या उंचीवर असते. वर त्यांनी पूजा चालू मशीनची केली. फॅनने पाकळ्या आत ओढून घेतल्या.

"अहो, चालू असताना का केली?" काकांनी विचारलं.

"बंद वस्तूची कशी करणार? बरं दिसत नाही."

मी एका चिठ्ठीवर बिघाड लिहिला आणि पार्टिशनखालच्या फटीतून सरकवला. काकांनी चष्मा वर केला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "सर म्हणतायत, पुढच्या वर्षी नमस्कार लांबून करा."

चिठ्ठीवर मी एवढंच लिहिलं होतं की दाणे आठ, पाकळ्या तीन, डिस्क ड्राइव्ह ठीक. बाकी काकांची भर. चिठ्ठ्या मी इंग्रजीत लिहायचे, कारण शाळा इंग्रजी, डिप्लोमा इंग्रजी, आणि मराठीत 'दुरुस्ती'तला कुठला उकार ऱ्हस्व हे मला अजून बघावं लागतं. पण त्याचा परिणाम भलताच झाला. बाहेर बसलेल्यांना चिठ्ठी इंग्रजीत दिसायची आणि सरांचा मान आणखी वाढायचा.

सर कसे जन्माला आले ते सांगते. उरण नाक्याच्या अलीकडचं हे दुकान आधी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं. दत्ताकाकांनी पस्तीस वर्षं त्यावर घर चालवलं. मग टीव्ही पातळ झाले, बिघडले तर फेकायचे झाले, आणि काकांचे डोळे सोल्डरिंगला साथ देईनासे झाले. त्यांनी जाहिरात दिली, मी गेले. इंटरव्ह्यूत मी तीन वाक्यं बोलले असेन. त्यांनी एक मेलेला कन्सोल समोर ठेवला आणि स्वतः चहा आणायला गेले. येईपर्यंत तो चालू होता. टीव्हीची केबल जिथे लागते त्या पोर्टची एक पिन वाकली होती, दुसरं काही नाही. काका म्हणाले, "उद्यापासून ये. बोलायचं काम माझं."

दुसऱ्याच दिवशी एका माणसाने माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर पाहिला आणि आपला डबा काउंटरवरून परत उचलला. "मॅडम, तुम्ही नका उघडू. टेक्निशियन कुठेय?"

मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "सर आत आहेत. देतो त्यांच्याकडे." डबा घेऊन ते पार्टिशनच्या आत आले, मागोमाग मी आले, आणि त्यांनी तो माझ्यापुढे ठेवून डोळा मारला.

मला राग यायला हवा होता, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. मला हायसं वाटलं. मला लोकांशी बोलायला जमत नाही. फोन वाजला की मी तो थांबायची वाट बघते. रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हणायच्या ऐवजी मी पुढच्या चौकापर्यंत जाते आणि चालत परत येते. पार्टिशनच्या आत, भिंगाखाली, दिव्याच्या गोल उजेडात मला कोणाशी बोलावं लागत नव्हतं. सर बोलत नव्हते. त्यांचं नावच झालं होतं तसं. "सर जास्त बोलत नाहीत," काका सांगायचे, आणि लोक माना डोलवायचे, जणू हे हुशारीचंच लक्षण.

हळूहळू सरांना स्वभाव आला. ते डोंबिवलीहून येतात. काही वर्षं सिंगापूरला होते. त्यांना मागून कोणी डोकावलेलं चालत नाही. हे सगळं काकांनी गरज पडेल तसं रचलं आणि मग आम्हा दोघांना ते लक्षात ठेवावं लागलं. एका गिऱ्हाइकाने सरांसाठी अलिबागहून आंब्यांची पेटी आणली. ती आम्ही वाटून घेतली. सरांच्या वाटणीचेही मीच खाल्ले, आणि तेव्हा मात्र थोडं अवघडल्यासारखं झालं.

खारघरची चार कॉलेजची मुलं होती. एक फ्लॅट, एक कन्सोल, चौघांत घेतलेला. त्यावर काहीतरी सांडलं होतं. चौघांनी एकत्र येऊन तो ठेवला आणि मग चौघांनी वेगवेगळे फोन केले.

"काका, सरांना विचारा ना, आत काय सांडलंय? चहा असेल तर तो ओंकार. मी चहा पीतच नाही."

दुसऱ्याचा फोन: "मॅगीचं पाणी निघालं तर मला एकट्याला सांगा. ग्रुपवर नको."

मी बोर्ड भिंगाखाली घेतला. चहा सुकला की तपकिरी कड उरते आणि साखर चमकते. मॅगीच्या पाण्याला तेलाचा पातळ तवंग असतो आणि हळदीचा पिवळेपणा. दोन्ही होते. आणि कोपऱ्यात एक तिसरा, लालसर चिकट डाग होता, जो मी नाकाशी नेल्यावर कोकम सरबताचा निघाला. मी चिठ्ठी लिहिली. काकांनी चौघांना बोलावलं, समोर उभं केलं आणि निकाल वाचला, "सर म्हणतायत, तिघे दोषी आहेत. चौथ्याने फक्त पुसायला ओला फडका वापरला, त्यामुळे तोही."

चौघेही पार्टिशनकडे बघून म्हणाले, "सॉरी सर."

मी आत तोंडावर रुमाल धरून बसले होते. अशा दिवशी सर असणं मला फार आवडायचं. खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा, आणि तो कुणाला दाखवावा लागत नव्हता, हे त्यातलं सगळ्यात सोयीचं होतं.

आता दुकानात सर नाहीत. ते कसे गेले ते सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे.

बेबीकाकी आमच्या सगळ्यात आवडत्या गिऱ्हाईक. आगरी घरातल्या, पंचावन्नच्या पुढच्या, नऊवारी घट्ट आणि आवाज त्याहून घट्ट. आजही येतात तेव्हा स्टूल स्वतःच ओढून घेतात. त्यांचा मुलगा बंदरात कामाला. त्याने कन्सोल घेतला, मग लग्न करून खारघरला राहायला गेला, आणि डबा आईकडेच राहिला. सुनेने एका रविवारी सासूला शेतीचा गेम लावून दिला. नांगरायचं, पेरायचं, गाई पाळायच्या, दूध विकायचं. काकींचं शेत विमानतळात गेलेलं. पैसे आले, नवं घर झालं.

"घर बेस हाय," त्या काकांना सांगत होत्या, "पन सकालची कामं राहिली आनि दुपारची गेली. दुपारी बाईनं करायचं काय?"

म्हणून दुपारी त्या गेममधलं शेत करायच्या. तिसरं वर्ष चाललं होतं. त्यांची एकच तक्रार होती, की त्यात भात लावता येत नाही. "गहू पेर, मका पेर. कोनाचं पीक हाय यो? आमी काय पंजाबी हाव?" पण गाई होत्या, आणि तीन गाईंना त्यांनी आपल्या तीन जावांची नावं दिली होती.

"सुमन कशी आहे?" काका मुद्दाम विचारायचे.

"सुमन दूध देत नाय. खाते पन लय. पुढच्या बाजाराला इकनार हाय तिला."

"आणि खऱ्या सुमनताई?"

"ती पन तशीच. पन तिला इकता येत नाय ना."

हे सगळं मी पार्टिशनच्या आतून ऐकायचे. काकींना मी काउंटरवर चिठ्ठ्या ठेवणारी पोरगी म्हणून माहीत होते. त्या येताना "काय गो पोरी" म्हणायच्या आणि मी हसायचे. तेवढीच आमची ओळख.

एका सकाळी त्यांनी पिशवीतून कन्सोल काढून काउंटरवर ठेवला. "दत्ताभाऊ, गिरनीवानी आवाज करतंय. धूल लय जालीय. सराना सांग, आतशी सगला साफ करून दे."

काकांनी कार्डावर लिहिलं: फॅनचा आवाज. सगळं साफ.

इथे आमच्या दुकानातली एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही जुने कन्सोल विकतोही. कोणी आपला डबा विकायला आणला की त्यातली आधीच्या मालकाची खाती, गेम, सगळं पुसून तो कोरा करावा लागतो. त्या कार्डांवर काका लिहितात: सगळं साफ. धूळ काढायची असेल तर लिहितात: सफाई. हा फरक आम्ही दोघांनी कधी बोलून ठरवला नव्हता. तो आपोआप पडला होता, आणि मी मराठी कार्डं शब्द म्हणून नाही, चित्र म्हणून वाचत होते. 'सगळं साफ' हे चित्र दिसलं की हात पुढचं काम करायचा.

मी डबा उघडला. फॅनवर धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता. तो काढला, चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली, स्क्रू घट्ट केले, टीव्हीला जोडून चालू केला. आवाज गेला होता. कार्ड पुन्हा बघितलं. सगळं साफ.

मनात शंका आली. हे मी लपवणार नाही. काकी विकायला थोडाच आणतील, असं वाटलं. माझा स्वतःचा नियम होता, कुठलाही डबा कोरा करण्याआधी मालकाला विचारायचं की आत ठेवायचं काही आहे का, कारण गेममध्ये केलेलं सगळं त्या डब्यातच साठतं. वर्गणी भरली तर त्याची नक्कल इंटरनेटवरही राहते. काकींनी ती भरलेली नव्हती, त्यांच्या घरी इंटरनेटच नव्हतं. म्हणजे विचारायलाच हवं होतं. एरवी हा प्रश्न मी चिठ्ठीवर लिहायचे आणि काका विचारायचे. त्या वेळी काका पलीकडे बँकेत गेले होते, आणि काकी बाजारातून परतून स्टूलवर एकट्या बसल्या होत्या. माझ्यापासून चार हातांवर. त्या पंख्याखाली पदराने वारा घेत होत्या, ते मला फटीतून दिसत होतं.

उठून बाहेर जायचं आणि एक वाक्य बोलायचं. मी ते मनात तयारही केलं. मग वाटलं, त्या विचारतील, सर का नाही विचारत? मग काय सांगणार? मग वाटलं, कार्डावर लिहिलंय ना. काकांनी विचारूनच लिहिलं असेल.

कन्सोलने मला पडद्यावर दोनदा विचारलं. सगळं कायमचं जाईल, नक्की का? मी दोन्ही वेळा हो म्हटलं. बटणाने.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतानाच काकी आल्या. मला वाटलं आरडाओरडा होईल. पण त्या स्टूलवर बसल्या आणि नेहमीपेक्षा हळू बोलल्या.

"दत्ताभाऊ, आवाज गेला. बेस जालं. पन शेत नाय."

"शेत नाही म्हणजे?"

"नाय म्हंजे नाय. गाई नाय, गोठा नाय. पडद्यावर एक पोरगा येतो आनि मना इचारतो, तुमचं नाव काय. तीन वर्सं त्याच्याकडं काम केलं मी, आनि तो मनाच नाव इचारतो."

काका कार्ड शोधून आत आले. त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला, पण माझ्यावर रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. शब्द त्यांचाही होता, हे त्यांनाही कळलं होतं. ते बाहेर गेले.

"काकी, सरांकडून चूक झाली."

"परत आनता येनार नाय?"

"नाही."

काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. काका अशा शांततेत टिकत नाहीत, त्यांना काहीतरी भरावं लागतं. "मी सरांना काढून टाकलं," ते म्हणाले. "आजपासून येऊ नका म्हणून सांगितलं."

काकी स्टूलवरून उठून निघून गेल्या. काका आत आले आणि खुर्चीत बसले. "काय करणार?" ते म्हणाले. "निदान त्यांना वाटलं तरी, आपण काहीतरी केलं."

मी दोन दिवस काम केलं. एक पोर्ट बदलला, दोन कंट्रोलर दुरुस्त केले. कंट्रोलरच्या काडीखालचा भाग झिजला की पडद्यावरचा माणूस कुणी हात न लावता आपोआप एका बाजूला चालत सुटतो. एका बाईंनी त्याला लिंबू-मिरची बांधून आणली होती. एरवी मी यावर दिवसभर हसले असते. सर गेल्यामुळे बाहेर काका गिऱ्हाइकांना सांगत होते, "नवीन सर येईपर्यंत थोडं थांबा." म्हणजे आणखी एक सर येणार होते. त्यांना बहुतेक बंगलोरहून आणलं असतं. आणि त्यांनी चूक केली की त्यांनाही काढता आलं असतं. सरांची कौतुकं मी गुपचूप खिशात घातली होती, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पण माझी चूक घेऊन ते निघून गेले, तेव्हा माझ्याकडे काहीच उरलं नाही, असं वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी काकी पुन्हा आल्या. हातात कन्सोल नव्हता. एक डबा होता, कपड्यात बांधलेला.

"दत्ताभाऊ, त्या सरांचा पत्ता दे."

"कशाला, काकी?"

"मना झोप येत नाय. शेत काय, मी परत करीन. हात हायत माजे. आदी खरं गेलं, मंग यो खोटं गेलं, मना आता सवय हाय. पन मानसाची नोकरी गेली ना माज्यामुलं. त्याची पोरंबालं असतील. परक्या गावाशी रोज येत होता बिचारा."

काका पार्टिशनकडे बघत होते. मला ते फटीतून दिसत होतं. ते म्हणाले, "सर आता... त्यांना दुसरीकडे लागली असेल नोकरी."

"असेल म्हंजे? तू इचारलंस? एका चुकीला मानूस काढतात? माज्या नवऱ्यानं एका वर्साला सगलं बियानं कुजवलं होतं, मी त्याला काढलं?" त्यांनी डबा काउंटरवर ठेवला. "तांदलाच्या भाकऱ्या हायत आनि कोलंबी. त्याच्या घरी नेऊन दे. आनि सांग, बेबीनं बोलावलंय परत कामावर. मी इथंशी उठनार नाय तो हो बोलेपर्यंत."

त्यांनी खरंच स्टूल ओढलं आणि बसल्या. भाकऱ्यांचा वाफाळता वास पार्टिशनच्या आत आला. या वेळी काकांना भरायला काही सुचत नव्हतं, किंवा सुचत असून ते बोलत नव्हते. ते आजवर मी विचारलेलं नाही.

मी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं. भिंगाचा दिवा बंद केला. पार्टिशनला दार नाही, नुसता पडदा आहे. तो मी दिवसातून वीस वेळा बाजूला करत असेन, चिठ्ठी द्यायला, पाणी प्यायला. त्या दिवशी तो बाजूला करायला मला बराच वेळ लागला. बाहेर आले, काउंटरच्या या बाजूला उभी राहिले. काकींनी वर बघितलं.

"काय गो पोरी, तू रडतेस का?"

"काकी," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी कान पुढे केला. "सर कोणी नाहीत. आत मीच असते. सगळं मीच दुरुस्त करते. तुमचं शेत माझ्या हातून पुसलं गेलं."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. ते वाक्य अजून तसंच मधे लोंबकळत होतं, आणि त्यात अजून कोणीतरी दुसरंच होतं. मी ते पुन्हा म्हटलं, या वेळी पूर्ण आवाजात.

"पुसलं गेलं नाही, काकी. मी पुसलं."